जांभळी रेघ

गुरुवारी सकाळी थोरलीनं धाकटीच्या गाऊनची बटणं सोडली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. रेघ नव्हती.

लाली होती. डाव्या बाजूला, खालून काखेकडे चढत गेलेली, हाताला कोमट लागणारी लाली मंगळवारपासून होतीच. पण तिच्याभोवती मंगळवारी संध्याकाळी थोरलीनं स्वतःच्या हातानं काढलेल्या जांभळ्या रेघेचा मागमूसही उरला नव्हता.

रेघ काढायला हॉस्पिटलच्या सिस्टरनं फोनवरून सांगितलं होतं. लालीच्या कडेनं पेनानं रेघ काढा, गोळ्या चालू करा. लाली रेघेच्या आत राहिली तर ठीक; बाहेर गेली तर लगेच कळवा, एक दिवससुद्धा वाट बघू नका. इतकं साधं काम, आणि खुणा करणं हा तर थोरलीचा जन्माचा धंदा! आईनं काढलेल्या शिवणकामाच्या दुकानात तीस वर्षं थोरली खुणा करत आली होती आणि धाकटी त्या खुणांवरून कापत आली होती. शाळांचे गणवेश, नर्सचे कोट, कचेऱ्यांचे पडदे. त्यामुळे सिस्टर 'पेन' म्हणाली तरी थोरलीचा हात सवयीनं ॲप्रनच्या खिशात गेला आणि दुकानातला जांभळा मार्कर घेऊन बाहेर आला. तो मार्कर कापडावर खूण करायचा. शिवून व्हायचं, माल जायचा, आणि दोन दिवसांत खूण आपोआप उडून जायची. धुवायलाही नको. पंधरा वर्षं ती नेमक्या ह्याच गुणासाठी तो मार्कर आणत होती.

"अगं बाई," तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय झालं?" धाकटीनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"काही नाही. रेघ जरा पुसट झालीय. गिरवते."

"हं."

गिरवते म्हणे! गिरवायला काही शिल्लक असतं तर ना. खरं सांगायचं तर त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. थोरलीला तेही कळत होतं. पण ह्या घरात हे ऑपरेशन नको म्हणणारी ती एकटीच होती. कॅन्सरनं गेलेल्या छातीच्या जागी इम्प्लांट घालून नवी छाती करून घ्यायची, हे तिच्या गळी कधी उतरलंच नाही. दोघी बहिणींचं त्यावरून असं वाजलं होतं की पुढे दोन महिने कटिंगच्या टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून त्या फक्त इंचांत बोलत होत्या. धाकटी ऑपरेशन करून घरी आली तेव्हा थोरली काही न बोलता डबा आणि औषधांची यादी घेऊन दुकानामागच्या तिच्या घरी राहायला आली. माफी मागणं तिला जमत नसे, ड्रेसिंग करणं जमे. पाच आठवडे ती ते करत होती. आता रेघ हरवली म्हणून सांगितलं की सगळे काय म्हणणार, हे तिला आधीच ऐकू यायला लागलं. ताईच्या मनातच नव्हतं ना पहिल्यापासून.

तिनं टेबलावरचं बॉलपेन उचललं. आत्ता जिथं लाली आहे तिथूनच रेघ काढावी, तर रात्रीत पसरलेली असेल ते लपून जाईल. तसलं पाप तिला करायचं नव्हतं. म्हणून मंगळवारी जिथं होती तिथं, आठवून, तिनं रेघ काढली. माणूस दारातून आत आला की छाती-कंबर न मोजता सांगणारी बाई ती. आठवणीवर तिचा भरवसा होता.

रेघ पुरी करून तिनं पाहिलं. लाली रेघेच्या बाहेर होती. सगळीकडून, बोटभर बाहेर.

म्हणजे पसरली? की आपणच चुकीची काढली? ती वाकून बघत राहिली. एकदा हे खरं वाटे, एकदा ते. तेवढ्यात धाकटीची मुलगी कामावर जायच्या घाईत आईला बघायला डोकावली. अंगानं इतकी बारीक की घरात तिला सगळे टाचणीच म्हणत.

"मावशी, ही लाली बाहेर गेलीय!" टाचणी किंचाळली. "रेघेच्या बाहेर आहे ही! तुला दिसत नाहीये का?"

दिसतंय गं बाई. दिसतंय म्हणूनच तर वाचा बसलीय.

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. टाचणीनं फोन लावला. सर्जनबाईंचा निरोप आला की चार वाजता घेऊन या, आणि तोवर तिला काही खायला-प्यायला देऊ नका. ह्या शेवटच्या वाक्याचा अर्थ सांगायला कुणी डॉक्टर लागत नव्हता. रिकाम्या पोटी बोलावतात ते ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायला.

दुकानाचं शटर अर्धं ओढून सगळे मागच्या खोलीत जमले. धाकटी पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिच्या पायाशी आई, एकोणऐंशी वर्षांची, हातात कसलासा हेम, कड दुमडून शिवायला घेतलेला. धाकटीचा नवरा साइटवरून तसाच आला होता, ग्रीसचे हात घेऊन. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून लग्न ठरल्यापासून थोरली त्याला 'लिफ्टवाले'च म्हणत असे. तो दाराशी उभाच राहिला.

"काढावं लागणार, असंच म्हणाल्या का?" त्यानं विचारलं.

"तसं नाही म्हणाल्या," टाचणी म्हणाली. "म्हणाल्या, बघून ठरवू. आत जंतू बसले असतील तर इम्प्लांट ठेवता येत नाही."

"मग सगळं पहिल्यापासून." तो मटकन खुर्चीत बसला. "ताई म्हणत होत्या तेच खरं होतं. नकोच होतं करायला."

सहा महिने थोरलीला हे वाक्य ऐकायचं होतं. अगदी ह्याच माणसाच्या तोंडून. आणि आज ते आलं तेव्हा कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं वाटलं तिला.

"बाबा!" टाचणी भडकली. "तुम्ही सही करताना तर मान हलवत होतात. सर्जननी सगळं सांगितलं नव्हतं का? बसवून, एकेक करून सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरंच. थोरलीही होती तिथं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. टाके उसवू शकतात. शरीर इम्प्लांटभोवती आपलं एक पातळ अस्तर तयार करतं. कधी कधी ते अस्तर आटतं, आवळतं, आणि छाती कडक होते, दुखते. इम्प्लांट जागचा सरकू शकतो, फुटू शकतो. सगळं नीट झालं तरी तो जन्माला पुरेलच असं नाही, काही वर्षांनी बदलायला लागू शकतो. तेव्हा थोरली तिथल्या तिथं म्हणाली होती, एवढी उसवाउसव असेल तर शिवायचंच कशाला? सर्जनबाईसुद्धा हसल्या होत्या. धाकटी तेवढी हसली नव्हती.

"मान हलवली म्हणजे काय, तिला हवं होतं म्हणून हलवली," लिफ्टवाले म्हणाले. "आमच्यात लिफ्टला जरा आवाज आला तरी आम्ही बंद ठेवतो. इथं आपण आवाज येईल हे माहीत असून चालू केली."

"मी लिफ्ट नाहीये," धाकटी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सगळे जमल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"तीस वर्षं मी लोकांचे कपडे कापतेय. दोन्ही बाजू सारख्या आल्या नाहीत तर मला जेवण जात नाही. आरशासमोर उभी राहिले की मला माझं फसलेलं कटिंग दिसायचं. मला ते नको होतं, बस्स. धोके ऐकून, समजून सही केलीय मी. आता धोका दारात येऊन उभा राहिला, तर तुम्ही सगळे अशी तोंडं पाडून बसलात, जशी काही मी कुणाच्या कपाटातून दागिना उचललाय."

"तसं कुणी म्हणत नाहीये गं," थोरली म्हणाली.

"तू म्हणाली होतीस. आई कशी राहिली बावीस वर्षं, असं म्हणाली होतीस."

हो, म्हणाली होती. बावीस वर्षांपूर्वी आईलाही हेच दुखणं झालं होतं, हीच बाजू गेली होती. तेव्हा इम्प्लांटबिम्प्लांट कुणाला ठाऊक? थोरलीनं मऊ कापडाची एक पिशवी शिवली. आत कापूस, आणि वजन यावं म्हणून पडद्यांच्या कडेला घालतात ते शिशाचे मणी. चार वेळा उसवून, पाचव्यांदा अगदी बरोबर बसली. आई तेव्हापासून ती रोज घालते. आयुष्यात शिवलेल्या हजारो वस्तूंमध्ये थोरलीला खरा अभिमान कशाचा असेल तर त्या पिशवीचा. आणि धाकटी म्हणाली होती, मला पिशवी नको. तो घाव थोरलीनं कुणाला दाखवला नव्हता.

"आई राहिलीच की," ती हळूच म्हणाली. "विचार तिला."

आईनं हेममधून मान वर केली. तिला ऐकू कमी येई, पण नको ते बरोब्बर येई.

"खांदा दुखतो," आई म्हणाली.

"काय?"

"तुझ्या त्या पिशवीनं. शिसं घातलंयस ना. बावीस वर्षं डावा खांदा दुखतोय माझा."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं केली होतीस. चारदा उसवलीस. म्हटलं, जाऊ दे." आईनं दोरा दातानं तोडला. "मला तेव्हा कुणी विचारलं असतं ना, नवी हवी का म्हणून, तर मी हो म्हटलं असतं. धोका असता तरी हो म्हटलं असतं. ही माझ्यापेक्षा शहाणी, हिनं विचारून घेतलं."

धाकटी आईकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लिफ्टवाल्यांनी ग्रीसचे हात पँटला पुसले, उठले, आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसले. "चुकलंच माझं," ते म्हणाले. थोरली एकटीच भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, ती रेघच खोटी आहे. पण खोटी आहे की नाही तेच तिला माहीत नव्हतं, आणि सगळ्यांच्या नजरेतून एकाच दुपारी दोनदा उतरायची तिची छाती नव्हती. ती मूग गिळून गप्प बसली. ॲप्रनच्या खिशातला मार्कर मात्र निखारा ठेवल्यासारखा तिला जाणवत राहिला.

चार वाजता हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीत एकच नातेवाईक चालेल म्हणाले. टाचणी पुढे झाली, पण धाकटी म्हणाली, "ताईला येऊ दे. रोजचं ड्रेसिंग तीच करते." थोरली तिच्यामागून आत गेली.

सर्जनबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं मोजकं. हात धुऊन त्यांनी आधी तापमान पाहिलं, मग लालीवर बोटं ठेवली, मग रेघेकडे पाहिलं.

"ताप नाहीये. पण हे दोन दिवसांत एवढं बाहेर गेलं असेल, तर गोळ्या काम करत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफी करू. पण मनाची तयारी ठेवा. असं पसरत असेल तर मी वाट बघायला तयार नाही. आज संध्याकाळीच इम्प्लांट काढून जागा स्वच्छ करावी लागेल. पुन्हा घालता येतो, पण काही महिने थांबून, आणि त्वचा चांगली राहिली तर."

धाकटीनं मान हलवली. तिनं चादरीची कड मुठीत घट्ट धरली होती. थोरलीनं ती मूठ पाहिली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ही अश्शीच मूठ करायची, आणि थोरलीच ती सोडवायची.

"डॉक्टर," थोरली म्हणाली. "ती रेघ खरी नाही."

"म्हणजे?"

एकदा तोंड उघडलं आणि मग सगळं भडाभडा आलं. मार्कर, खिसा, उडून गेलेली खूण, बॉलपेन, आठवणीनं काढलेली रेघ. "मी गिरवते म्हणाले तिला. खोटं बोलले. गिरवायला काही नव्हतंच तिथं. लाली पसरलीय का मी चुकलेय, मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही. पण माझ्या रेघेवरून हिचं काही काढू नका हो. सकाळीच सांगायला हवं होतं मी. भ्याले."

सर्जनबाईंच्या कपाळावर आठी आली. पण त्या काही बोलायच्या आत पलंगावरून विचित्र आवाज आला. थोरलीला वाटलं, रडतेय. धाकटी हसत होती. टाके दुखतात म्हणून एक हात बाजूला दाबून धरून हसत होती.

"ताई, उडणारा मार्कर? माणसाच्या अंगावर?"

"हास. हास तू. माझा जीव जायची वेळ आलीय."

"माझी पर्स दे इकडे."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून धाकटीनं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला एक पातळ कागद काढला. दुकानात नमुने उतरवायचा कागद, आरपार दिसणारा. एखाद्या बाहीचा तुकडा कापावा तसा नीट कापलेला, आणि कडेला दोन ठिकाणी बारीक खाचा.

"मंगळवारी तू रेघ काढून चहा टाकायला गेलीस ना, तेव्हा आरशासमोर उभं राहून उतरवून घेतला. तुझी रेघ नाही हं, लालीची कड. ही खाच टाक्यांच्या टोकाशी येते, ही दुसरी तिळावर. मुद्दाम आणला, म्हटलं किती पसरली ते डॉक्टरांना तरी दाखवू."

"पण मी रेघ काढली होती ना? मग तू पुन्हा कशाला उतरवलीस?"

धाकटी जरा घुटमळली. "ताई, तुझ्या खुणा आत असतात."

"काय म्हणतेस?"

"एक बोट आत. नेहमीच. तीस वर्षं मी तुझ्या खुणेच्या एक बोट बाहेरून कापतेय. तुला काय वाटलं, आपला एकही कोट कधी काखेत आवळला नाही तो कसा?"

आपल्या खुणांबद्दल आजवर एक तक्रार आली नाही, हे थोरली गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला ऐकवत आली होती.

सर्जनबाईंनी कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग हलकेच धाकटीच्या अंगावर ठेवला. एक खाच टाक्यांच्या टोकाशी, दुसरी तिळावर. त्या वाकल्या. थोरलीनं धाकटीची मूठ धरली. कोण कुणाला धरून होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"लाली कागदाच्या आत आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "सगळीकडून आत. खालच्या बाजूला तर चांगली अर्ध्या बोटानं."

"म्हणजे?" दोघी एकदम.

"म्हणजे पसरली नाहीये. आटतेय. गोळ्या लागू पडताहेत." त्यांनी हात वर केला. "थांबा, नुसत्या कागदावर मी ठरवणार नाही. सोनोग्राफी होऊ द्या."

सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी साठलेलं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट यायला तास लागला, त्या तासात लिफ्टवाल्यांनी हॉस्पिटलच्या लिफ्टमधून सहा वेळा वर-खाली केलं आणि तिचं दार नीट लागत नाही म्हणून वॉचमनशी वाद घातला. रिपोर्टही बरा आला.

"आज काही काढायचं नाही," सर्जनबाईंनी सगळ्यांना आत बोलावून सांगितलं. "पूर्ण सुटलो असं म्हणणार नाही मी. गोळ्या पुऱ्या करायच्या, शनिवारी दाखवायला यायचं, ताप आला किंवा दुखायला लागलं तर त्याच क्षणी फोन. पण आज घरी जा. आणि हिला आधी खायला घाला."

टाचणी आईच्या गळ्यात पडायला गेली आणि टाके आठवून मावशीच्या गळ्यात पडली. लिफ्टवाले भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले. थोरलीचा जीव भांड्यात पडला तो असा, की तिला तिथल्या स्टुलावर बसावंच लागलं.

"तुम्ही जरा थांबा," सर्जनबाई तिला म्हणाल्या. आता बोलणी बसणार, म्हणून थोरली उठून उभी राहिली. "दोन दिवस असंच गप्प राहिला असतात, आणि लाली खरंच पसरत असती, तर?"

"कानाला खडा, डॉक्टर."

"चूक कुणाचीही होते. ती लपवली की मला काम करता येत नाही." मग त्यांनी खिशातून एक जाड पेन काढून तिच्या हातावर ठेवलं. "हे घ्या. अंगावर खुणा करायचं आहे. आंघोळीनं जात नाही. आणि तो कागद मी फाइलला लावते. असला नमुना आमच्याकडे कुणाला काढता येत नाही."

संध्याकाळी घरी धाकटीनं दोन बश्या भरून भात खाल्ला. थोरली आईच्या पायाशी जाऊन बसली.

"उद्या तुझी पिशवी उसवते. शिसं काढून हलकी करते."

"आता गं?" आई म्हणाली. "बावीस वर्षांनी? खांद्याला सवय झालीय माझ्या." मग म्हणाली, "पण कर. मऊ कापड घे."

झोपायच्या आधी ड्रेसिंग. टाचणीनं दिवा जवळ आणला. थोरलीनं नव्या पेनाचं टोपण काढलं आणि अगदी सावकाश, श्वास धरून, लालीच्या कडेनं रेघ ओढली.

"झाली," ती म्हणाली. मग स्वतःच उठून दुकानातून नमुन्याचा कागद आणला आणि धाकटीच्या हातात दिला. "घे. तुझंही उतरवून ठेव. दोन्ही असलेलं बरं."

धाकटीनं टाचणीला आरसा धरायला लावून कागद लावला, लालीची कड उतरवली, आणि कागदातून रेघेकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय गं?" थोरलीला राहवेना. "आत आलीय का एक बोट?"

"नाही. आज एक बोट नाही आली."

"बघ!"

"अर्धंच बोट आलीय."

थोरलीनं उशी उचलली, मग टाके आठवून खाली ठेवली. धाकटी बाजू दाबून धरून हसत होती, "हसवू नकोस गं, दुखतंय," म्हणत होती, आणि थोरली ओल्या बोळ्यानं ती रेघ पुसायला बसली होती, जी काही केल्या पुसली जात नव्हती.